पिस्तूल काढताच होल्स्टरचं तोंड मिटायचं : माझा अनुभव

परवान्याचं .३२ पिस्तूल काढलं की होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं चामडी म्यान) मिटायचं आणि परत घालताना आत वळलेली कड थेट ट्रिगरपाशी (चापापाशी) जायची. पुठ्ठा चिकटवला, दुहेरी शिवण मारली. घामाने सगळं पुन्हा लोळागोळा. जाम वैतागलो.

दोष चामड्याचा. बॅगांचं मऊ क्रोम (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) चामडं आकार धरत नाही. कर्नाटकातल्या अथणीकडे कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल नि हिरड्यात कमावलेलं मिळतं. त्यातला ३ ते ३.५ मिलिमीटर जाडीचा उरलेला तुकडा घेतला. स्वस्तही पडला.

आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, मग चेंबर (नळीमागची गोळी बसायची जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी) पूर्ण झाकेल असा कागदी साचा करून चामडं रापीने (चांभाराच्या सुरीने) कापलं. तोंडाला बाहेरून जादा पट्टी शिवली (खरी करामत हिचीच), मग गार्डला लागून कडेची शिवण. कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पिस्तूल आत सरकवून गार्डच्या कडेने अंगठ्याने दाबलं. ट्रिगरवर मात्र खळगा पाडायचा नाही. पिस्तूल काढून सावलीत वाळवलं. तेल अगदी नावाला, नाहीतर पुन्हा मऊ.

शेवटी रिकाम्या पिस्तुलासह होल्स्टर गादीवर उलटं धरून झटकलं. पडलं नाही. काढल्यावरही तोंड उघडंच, एका हाताने परत जातं.