गरोदरपणातलं इन्फेक्शन, वार आणि बाळ: या चुका टाळा

"ताप नाहीये ना, मग कसलं इन्फेक्शन?" इथूनच सगळा घोळ सुरू होतो. आईच्या अंगात ताप भरायच्या कितीतरी आधी वारेला सूज आलेली असू शकते, आणि कित्येकदा तर आईला शेवटपर्यंत काहीच जाणवत नाही, डिलिव्हरीनंतर वार लॅबमध्ये गेली की मग कळतं की आत काय चाललं होतं. त्यामुळे आईला बरं वाटतंय म्हणजे आत सगळं आलबेल आहे असं धरून चालायचं नाही.

जंतू आत पोचतात ते मुख्यतः दोन वाटांनी. नेहमीची वाट खालून वर: योनीमार्गातले जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर सरकतात, पाणमोटीच्या पडद्यात शिरतात, मग गर्भजलात, आणि तेच पाणी बाळ गिळत असतं, श्वासाबरोबर आत ओढत असतं. ई. कोलाय, ग्रुप बी स्ट्रेप, युरियाप्लाझ्मा ही यातली नेहमीची मंडळी. दुसरी वाट आईच्या रक्तातून थेट वारेत, सिफिलिस (संबंधातून पसरणारा आजार) आणि लिस्टेरिया (खाण्यातून पोटात जाणारा जंतू) याच वाटेने जातात. वारेचा बाळाकडचा भाग आईच्या रक्तात बुडालेला असतो आणि त्याच्या वरच्या थरात पेशी-पेशींमध्ये फटच नसते, म्हणून बहुतेक जंतू तिथेच अडतात. लिस्टेरिया मात्र एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत घुसतो, बाहेर यायची त्याला गरजच पडत नाही.

आता सूज म्हणजे काय ते जरा बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मायक्रोस्कोपखाली पडद्यांमध्ये ज्या पांढऱ्या पेशी जमलेल्या दिसतात त्या बहुतांशी आईच्या असतात, पण नाळेच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दिसतात त्या बाळाच्या स्वतःच्या. म्हणजे नाळेत सूज दिसली की समजायचं, बाळाचं शरीर पोटात असतानाच लढायला लागलं होतं. आणि या लढाईचाच त्रास बाळाला होतो, नुसत्या जंतूंचा नाही: कळा लवकर सुरू होतात, कमी दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसांना आणि मेंदूतल्या पांढऱ्या भागाला इजा होऊ शकते. सूज दिसली आणि जंतू सापडलेच नाहीत असंही होतं बरं का, त्यामुळे कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची टेस्ट) निगेटिव्ह आलं म्हणून रिपोर्ट बाजूला टाकू नका.

लघवीचं इन्फेक्शन अंगावर काढणं

जळजळ झाली की भरपूर पाणी पिऊन बघू, दोन दिवसांनी जाऊ, हे नेहमीचं. पण खरी गोची जळजळ नसतानाच असते. साधारण २ ते १० टक्के गरोदर बायकांच्या लघवीत जंतू असतात आणि त्रास काहीच नसतो. तसेच सोडले तर त्यातल्या बऱ्याच जणींना पुढे किडनीचं इन्फेक्शन होतं, थंडी वाजून ताप, पाठीत कळ, आणि मग मुदतीआधी डिलिव्हरीचा धोका. गरोदरपणात हार्मोनमुळे लघवीच्या नळ्या सैलावतात, वाढतं गर्भाशय त्यांच्यावर दाबतं, लघवी साचून राहते, म्हणून जंतूंना वर चढायला सोपं जातं. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत एकदा तरी यूरिन कल्चर करायचंच, नुसत्या पट्टीच्या टेस्टवर भागवायचं नाही.

कल्चरमध्ये "मिक्स ग्रोथ" (म्हणजे अनेक प्रकारचे जंतू एकत्र) आलं तर बहुतेक वेळा सॅम्पल चुकलेलं असतं. जागा स्वच्छ करून, पहिली धार सोडून मधली धार घ्यायची आणि सॅम्पल लगेच लॅबला द्यायचं, तीन-चार तास पिशवीत पडून राहिलेल्या बाटलीत जंतू आपोआप वाढतात. गोळ्यांचा कोर्स बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, आणि संपल्यावर परत कल्चर करा, हे तर जवळजवळ कोणीच करत नाही. घरात उरलेली जुनी स्ट्रिप तर काढूच नका. डॉक्सीसायक्लिनच्या जातीच्या औषधांनी बाळाच्या दातांवर डाग येऊ शकतात, नायट्रोफ्युरँटॉइन मधल्या महिन्यांत चालतं पण दिवस भरत आल्यावर टाळतात कारण नवजात बाळाच्या लाल पेशी फुटायची भीती असते. गोळी तीच, पण महिना बदलला की उत्तर बदलतं.

पाणी जातंय की लघवी, या विचारात दिवस घालवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते असं माझं मत आहे. पाणमोट फुटली की धबधब्यासारखं पाणी येतं अशी सगळ्यांची समजूत, पण वर कुठेतरी छोटं भोक पडलं तर थेंब थेंबच गळतं. घरी एवढंच करा: लघवीला जाऊन या, कोरडं पॅड लावा, अर्धा तास पडून राहा आणि मग उठा. उठल्या उठल्या पॅड ओलं झालं, आवरून धरता येत नाही, लघवीसारखा वास नाही, तर हॉस्पिटल गाठा. हिरवट असेल, घाण वास असेल तर अर्धा तासही घालवायचा नाही. आत टॅम्पून वगैरे घालायचं नाही, संबंध टाळायचे. आणि पाणी जायला किती वाजता सुरुवात झाली ती वेळ लिहून ठेवा, पाणी जाऊन १८ तास उलटले की बाळाला इन्फेक्शनचा धोका वाढलेला धरतात, आणि ऐन वेळी कोणालाच नक्की वेळ आठवत नाही.

हॉस्पिटलमध्येही एक चूक होते, कळा सुरू नसताना बोटांनी वारंवार आतून तपासणं. प्रत्येक तपासणीत खालचे जंतू वर ढकलले जातात. ३७ आठवड्यांच्या आत पाणी गेलं असेल तर स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून आत बघायचं साधन) लावून बघतात, बोटं घालत नाहीत. "परत तपासायची गरज आहे का?" असं शांतपणे विचारायला काहीच हरकत नाही.

गरज नसताना "सेफ साइड म्हणून" अँटिबायोटिक

वरचं सगळं वाचून वाटेल की मग सरळ सगळ्यांनाच देऊन टाका की. तसं नाही. ओरॅकल नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल २००१ मध्ये आले, त्यात पाणी लवकर गेलेल्या बायकांना को-अमॉक्सिक्लॅव दिल्यावर बाळांमध्ये आतड्याचा एक गंभीर आजार वाढलेला दिसला, म्हणून त्या परिस्थितीत ते औषध आता टाळतात. याच अभ्यासातल्या ज्या बायकांना लवकर कळा आल्या होत्या पण पाणमोट शाबूत होती, त्यांना अँटिबायोटिकने फायदा झाला नाही, उलट मुलं ७ वर्षांची झाल्यावर बघितलं तर अँटिबायोटिकवाल्या गटात सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणारा कायमचा परिणाम) जास्त निघाली. पाणी ३७ आठवड्यांच्या आत गेलं असेल तेव्हा मात्र योग्य अँटिबायोटिकचा फायदा पक्का आहे. म्हणजे प्रश्न द्यायचं की नाही एवढाच नसतो, कधी आणि कोणतं हाही असतो.

ग्रुप बी स्ट्रेप हा जंतू टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आला म्हणून आधीच गोळ्या घेणं

हा जंतू बऱ्याच निरोगी बायकांच्या शरीरात नुसता राहत असतो, हा लैंगिक आजार नाही, घाबरायचं किंवा लाजायचं काही कारण नाही. ३६-३७ व्या आठवड्यात स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) घेतात (काही देशांत सरसकट घेत नाहीत, धोका बघून ठरवतात). स्वॅब पॉझिटिव्ह आला की लोक लगेच कोर्स करून टाकतात आणि मोकळे होतात, पण जंतू परत येतो, डिलिव्हरीपर्यंत जैसे थे. उपाय आहे तो कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन, आणि ते डिलिव्हरीच्या निदान ४ तास आधी सुरू झालं तर उत्तम. लघवीत मात्र हा जंतू भरपूर निघाला तर तेव्हाही उपचार लागतो आणि कळांच्या वेळी परत शिरेतून लागतो. आणखी एक, पहिल्या आठवड्यातला आजार या इंजेक्शनने बराच टळतो, नंतरच्या तीन महिन्यांत होणारा टळत नाही.

कळांमधला ताप "एपिड्युरलचा असेल" म्हणून सोडून देणं

एपिड्युरलने (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत दिलेल्या औषधाने) ताप येतो हे खरंय, पण ते आधी ठरवून टाकायचं नाही. एकदाच ३९ अंश सेल्सिअस आला तरी पुरे, वारेच्या पडद्यांचं इन्फेक्शन धरून उपचार सुरू करतात. ३८ ते ३८.९ असेल तर ३० मिनिटांनी परत बघतात, सोबत बाळाचे ठोके १६० च्या वर राहिलेत का, आईच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात का, तेही बघतात. इथे बाळ जन्मेपर्यंत औषध थांबवून ठेवणं चूक, आणि इन्फेक्शन आहे म्हणून लगेच सिझेरियनच हाही गैरसमज.

सिफिलिसची टेस्ट एकदा निगेटिव्ह आली की विषय संपला

नंतरही लागण होऊ शकते, म्हणून धोका असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत परत टेस्ट. नवऱ्याचा उपचार राहिला तर आईला परत होतो. गरोदरपणात भरवशाचं औषध पेनिसिलिनच, ॲलर्जी असेल तर हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली हळूहळू डोस वाढवत शरीराला त्याची सवय करून मग देतात. उपचार डिलिव्हरीच्या निदान ४ आठवडे आधी सुरू झाले नसतील तर ते अपुरे धरतात. यात वार मोठी, फिकट, जड होते, बाळ मात्र जन्मतः अगदी ठणठणीत दिसू शकतं आणि नाक वाहणं, पुरळ, हाडांचा त्रास काही आठवड्यांनी सुरू होतो.

वार फेकून देणं

मुदतीआधी डिलिव्हरी, आईला ताप, घाण वासाचं पाणी, किंवा बाळ गेलेलं असणं, यातलं काहीही असेल तर वार तपासायला पाठवायला सांगा, लगेच, कारण तासाभरात ती कचऱ्यात जाते. कल्चर हवं असेल तर वार फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायच्या रसायनात) टाकायच्या आधी स्वॅब घ्यायचा, फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. लवकर पाठवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही, गोठली की पेशी फुटतात.

बाळाला ताप यायची वाट बघणं

नवजात बाळाचं इन्फेक्शन तापानेच कळेल असं नाही, उलट अंग गार पडतं. ३८ च्या वर जितकं वाईट तितकंच ३५.५ च्या खाली वाईट. त्याआधी दिसतं ते असं: काल नीट अंगावर पिणारं बाळ आज दोन घोट घेऊन सोडतं, ढिलं पडतं, उठवलं तरच हलतं, कण्हतं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेतं, छाती आत ओढली जाते. श्वास मोजताना बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, नवजात बाळाचा श्वास मुळातच कमी-जास्त होत असतो. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढायची नाही. आईला इन्फेक्शन आहे म्हणून दूध तोडायचं ही तर भलतीच चूक, आईला दिली जाणारी बहुतेक अँटिबायोटिक्स चालू असताना पाजता येतं, डॉक्टरला विचारून घ्या फक्त.

बाळाला घेऊन दुसरीकडे जावं लागलं तर आईची फाईल सोबत न्या. तिथे पहिले प्रश्न हेच असतात: पाणी किती तास गेलं होतं, आईला ताप किती होता, स्वॅब आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ताची टेस्ट) काय आलं, अँटिबायोटिक कोणतं आणि डिलिव्हरीच्या किती तास आधी दिलं.