मातेराच्या पुढं: बाझिलिकातातली उठलेली गावं कशी बघावीत

माझं सासर उमरगा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला विसर्जन उरकून माणसं नुकती झोपली होती, आणि पहाटे चारच्या आत किल्लारीच्या भूकंपात आमचं गाव खाली बसलं. आता आम्ही नव्या गावात राहतो. रस्ते सरळ, घरं एका मापाची. जुन्या गावठाणात बाभळी माजल्यात. हे आधीच सांगते, कारण इटलीत जे बघा म्हणणार आहे ते मी याच डोळ्यांनी बघितलंय.

माझी मुलगी बारी शहरात शिकते. एप्रिलमध्ये मी आणि थोरल्या जाऊबाई तिच्याकडं गेलो. आपल्याकडची मंडळी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा मनोरा करून परत येतात. आम्ही रोमला दोनच दिवस दिले आणि बाकीचा आठवडा बाझिलिकाता या दक्षिणेकडच्या भागाला. इटलीच्या नकाशात बुटाच्या तळव्याला जिथं खाच दिसते, तिथं हा डोंगराळ, कमी वस्तीचा प्रदेश आहे.

व्हिसाचं आधी उरका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान ३० हजार युरोचा प्रवास-विमा लागतो. अर्जाला जोडायच्या दिवसवार आराखड्यात मुक्कामाची गावं नीट लिहा. बारीपर्यंत विमान किंवा रेल्वे, तिथून मातेरा सुमारे ६५ किलोमीटर. इथं एक लक्षात ठेवा: इटलीची मुख्य रेल्वे मातेरा शहरात जात नाही. बारीच्या मोठ्या स्टेशनाशेजारी अरुंद रुळांच्या गाडीचं वेगळं छोटं स्टेशन आहे, तिथून बसायचं. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, ते आदल्या दिवशीच बघा. दीड-दोन तास लागतात. खिडकीतून गव्हाची रानं आणि जैतुनाच्या बागा दिसतात.

मातेरा आता कुणाला अनोळखी नाही. पण तिथं येणारे बहुतेक लोक फोटो काढतात आणि संध्याकाळी निघून जातात. तुम्ही दोन रात्री राहा. मऊ दगडाच्या कड्यात कोरलेल्या घरांच्या या वस्तीला सास्सी म्हणतात. एकाचं छत तो दुसऱ्याचा रस्ता. आक्का, म्हणजे जाऊबाई, पहिल्याच वळणावर थांबल्या. आमच्या जुन्या गावात एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर असंच जाता यायचं, बायका शेजारी निरोप द्यायला खाली उतरायच्याच नाहीत.

सोलितारियो गल्लीत एक गुहाघर जसंच्या तसं मांडून ठेवलंय, ते चुकवू नका. उंच पलंग, त्याखाली कोंबड्यांची जागा, मागच्या अंगाला खेचराचा गोठा, आणि जमिनीत पावसाचं पाणी साठवायची विहीर. सगळं घर एका मोठ्या ताटात जेवायचं. १९५२ साली सरकारनं कायदा करून इथल्या पंधरा हजारांवर माणसांना बाहेर काढायला घेतलं. गुहांमध्ये ओल होती, मलेरिया होता, लहान मुलं मरत होती. मग तीसेक वर्षं सास्सी ओस पडली. १९८६ च्या कायद्यानं डागडुजी सुरू झाली, लोक परतू लागले आणि १९९३ च्या डिसेंबरात युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. तेच वर्ष, आमचं गाव गेलं ते.

ज्यांना बाहेर काढलं ते कुठं गेले, हे मात्र कुणी बघायला जात नाही. शहराबाहेर काही किलोमीटरवर ला मार्तेला नावाचं गाव आहे, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला या लोकांसाठी वसवलेलं. शेतकऱ्याला जनावर जवळ लागतं, हे ओळखून घराला लागून गोठा ठेवला. मी तिथं एक तास नुसती हिंडले. आमच्या नव्या गावात घर मिळालं तेव्हा बैल कुठं बांधायचा हा पहिला प्रश्न होता, आणि तो सोडवायला आमची आम्हालाच मागं पत्र्याची शेड मारावी लागली. पुनर्वसनाचं ज्यांनी सोसलंय त्यांनी ला मार्तेला बघाच.

मातेरातली दुसरी जागा जमिनीखाली आहे. व्हित्तोरियो वेनेतो चौकाखाली पालोम्बारो लुंगो हा हौद आहे. दगडात कोरलेला, सोळा मीटरच्या आसपास खोल, आत ५० लाख लिटर पाणी मावायचं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर होतं. तशा दहा गाड्या या एका हौदात. खाली लोखंडी जिन्यानं उतरताना भिंतीजवळून बघा. भाजलेल्या मडक्यांचा चुरा चुन्यात कालवून केलेला गिलावा अजून धरून आहे, पाणी कुठवर चढायचं त्याची रेघसुद्धा दिसते. नळ आल्यावर हौद विसरला गेला, तो १९९१ साली पुन्हा सापडला. तिकीट थोडक्या युरोंचं आहे, वेळ मात्र ठरवून घ्यावी लागते.

शहरापासून थोडं लांब कड्यात ‘मूळ पापाची गुहा’ आहे. आठव्या-नवव्या शतकातली भित्तिचित्रं, १९६३ साली मातेराच्या तरुणांना सापडलेली. त्याआधी तिथं मेंढरं बसायची. आधी नोंदणी केल्याशिवाय आत सोडत नाहीत.

मातेराच्या पुढं गाडी लागते. बस आहेत, पण मोजक्या, आणि दोन गावं एका दिवसात बसनं होत नाहीत. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात. जुन्या वस्त्यांच्या तोंडाशी लाल कडेची गोल पाटी दिसली की गाडी आत घालू नका. तिथं कॅमेरे असतात. आम्ही मातेरात एकदाच चुकलो, दंडाची नोटीस भारतात परतल्यावर कित्येक महिन्यांनी आली, आणि गाडी देणाऱ्यांनी नाव-पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे कापले ते निराळेच.

क्राको मातेरापासून पन्नासेक किलोमीटर. रस्ता करड्या-पांढुरक्या चिकणमातीच्या टेकड्यांमधून जातो, पावसानं कोरून कोरून घळ्या पडलेल्या. मे महिन्यात आमची काळी जमीन भेगाळते, तशी इथं अख्खी टेकडीच भेगाळलेली. अशा एका टेकडीच्या माथ्यावर क्राको उभं आहे, आणि त्यात कुणी राहत नाही. १९६३ साली जमीन खचायला लागली. नळ आणि गटारांच्या कामांनी त्यात भर पडली असं सांगतात. लोकांना खाली खोऱ्यात हलवलं. १९७२ ला पूर आला, १९८० च्या भूकंपानंतर उरलेलेही उतरले.

मनाला येईल तसं आत फिरता येत नाही. तिकीट काढायचं, डोक्यावर शिरस्त्राण घालायचं आणि वाटाड्याच्या मागं ठरलेल्या वाटेनं जायचं. आधी फोन करून वेळ विचारा, वारा-पाऊस असला तर बंद ठेवतात. घट्ट पकडीचे बूट हवेत. आक्कांचे गुडघे दुखतात, तरी त्या हळूहळू मधल्या चौकापर्यंत आल्या. जुन्या नॉर्मन बुरुजाखाली घरं एकमेकांवर रेलून उभी आहेत. एका घराची बाहेरची भिंत गेलेली, त्यामुळं आतली खोली रस्त्यावरूनच दिसत होती. निळा रंग, आणि त्यात एक कोनाडा. कोनाड्याच्या वरच्या कडेला काजळी धरलेली.

“दिवा लावत असतील गं इथं,” आक्का म्हणाल्या.

“असतील, आक्का.”

त्या बराच वेळ तिथंच उभ्या होत्या. वाटाड्यानं घाई केली नाही. मुलीनं त्याला इटालियनमध्ये सांगितलं की आमचं गावही असंच गेलं. त्यानं शिरस्त्राण काढून हातात धरलं आणि आक्कांना विचारलं, तुम्ही परत जाता का तिकडं? आक्का म्हणाल्या, वर्षातून एकदा.

तिथून मुख्य रस्त्याला लागण्याआधी क्राको पेस्किएरात गाडी थांबवा. वरच्या गावातली माणसं वसवली ती ही वस्ती. प्रवासी इथं उतरत नाहीत, कारण ‘बघण्यासारखं’ काही नाही. एका ठिकाणी कॉफी घ्या आणि वर टेकडीकडं बघा. तिथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्यांची तोंडं कुठं आहेत तेही बघा.

आलियानो तिथून पुढं, वळणावळणाच्या रस्त्यानं. १९३५ साली मुसोलिनीच्या सरकारनं कार्लो लेवी या तोरिनोच्या चित्रकाराला या भागात स्थानबद्ध करून ठेवलं. शिक्षणानं तो डॉक्टर होता, म्हणून गावकरी मलेरियाचे रोगी घेऊन त्याच्या दारात यायचे. त्यानं पुढं या लोकांवर जे लिहिलं, त्यातूनच देशाला दक्षिणेचं दारिद्र्य कळलं. १९७५ साली तो वारला तेव्हा त्याला आलियानोच्याच दफनभूमीत पुरलं. त्याचं घर बघता येतं. गच्चीवरून दिसणाऱ्या घळ्यांसाठी दुपार टाळून संध्याकाळची वेळ धरा.

अंगात जोर असेल तर कास्तेलमेझ्झानो आणि पिएत्रापेर्तोझा ही सुळक्यांना चिकटलेली दोन गावं करा. पिएत्रापेर्तोझा १,०८८ मीटरवर, या प्रांतातलं सगळ्यांत उंच. दोन्हींच्या मधून पोलादी तारेला लटकून दरी ओलांडायची सोय आहे. तार १,४०० मीटरहून लांब, वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत. ती फक्त उन्हाळ्याच्या हंगामात चालते. आम्ही दोघी सात दगडांच्या पायवाटेनं दरीत उतरलो. वाट दोनेक किलोमीटरची आहे, पण चढ खडा आहे, पाणी सोबत ठेवा.

मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यामुळं मेतापोन्तोचा अर्धा दिवस माझ्या हट्टाचा होता. समुद्राजवळच्या या सपाट रानात ग्रीकांची वसाहत होती, आणि पायथागोरसनं अखेरचे दिवस इथं काढले अशी परंपरा आहे. रस्त्याच्या कडेला हेरा देवीच्या देवळाचे पंधरा खांब उभे आहेत, अडीच हजार वर्षांचे. आसपास शेतं. आम्ही गेलो तेव्हा तिथं आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. पोरांना वर्षानुवर्षं काटकोन त्रिकोण काढून दिला, तो मी तिथल्या मातीत काडीनं एकदा काढला.

शाकाहारी माणसाचे इथं हाल होत नाहीत. उपाहारगृहात ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. चरबी घातलीय का हेही विचारा, तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. दुपारी जेवणानंतर दुकानं बंद होतात, ती पाचच्या सुमारास उघडतात, म्हणून फळं-पाणी सकाळीच घ्या. सेनीझे गावाच्या लाल मिरच्यांच्या माळा दारादारांत वाळत असतात. त्या मिरच्या जैतुनाच्या तेलात काही क्षण तळतात आणि कुरकुरीत खातात. आपल्या सांडगी मिरचीसारख्या दिसतात, पण गोड, तिखट अजिबात नाहीत. चालेद्दा नावाचा पदार्थ मागवा: शिळा पाव पाण्यात भिजवून त्यात टोमॅटो, कांदा, तेल. कापणी करणाऱ्यांची न्याहारी. आक्कांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “भाकरीचा कुस्करा!”

मातेराचा पाव खास रव्यासारख्या पिवळसर पिठाचा असतो, जाड सालीचा, आणि आठवडाभर टिकतो. पूर्वी सगळ्या घरांचा पाव गावच्या एकाच भट्टीत भाजायचे. कुणाचा कुठला ओळखायला घरोघरी लाकडी शिक्का असायचा, त्यावर घराच्या नावाचं अक्षर कोरलेलं. असे शिक्के सास्सीतल्या दुकानांत मिळतात. यंत्रावरचे टाळा, हातानं कोरलेला घ्या. कडेवर सुरीच्या खुणा दिसतात त्यावरून ओळखता येतो. पाव निघायच्या दिवशी सकाळी भट्टीवरूनच घ्या आणि सुती कापडात बांधा, प्लास्टिकमध्ये त्याला ओल सुटते.

आम्ही दोन पाव आणले. एक घरी आल्या आल्या फोडला. दुसरा आक्का सप्टेंबरच्या शेवटापर्यंत ठेवा म्हणत होत्या, जुन्या गावठाणात न्यायला. तो इतका टिकणार नाही म्हटल्यावर त्याच आठवड्यात आम्ही दोघी तो घेऊन तिथं गेलो.