कोकणातून केकॉनला: तिकीट, गाडी, रांग आणि फोटोकार्डं

केकॉन म्हणजे के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या चाहत्यांचा मेळा, नुसती कॉन्सर्ट नव्हे. दिवसभर मोठ्या प्रदर्शन-हॉलमध्ये कन्व्हेन्शन चालतं: स्टॉल, छोटी स्टेजेस, डान्स, कलाकारांच्या भेटी. संध्याकाळी त्याच आवारात किंवा शेजारच्या स्टेडियममध्ये मोठी कॉन्सर्ट. सीजे ईएनएम ही कोरियन कंपनी हे भरवते आणि पहिलं केकॉन २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला झालं. अलीकडे जपानचं मे महिन्यात आणि लॉस एंजेलिसचं जुलै-ऑगस्टमध्ये असतं. मध्येच बँकॉक, हाँगकाँग, फ्रँकफर्ट अशी नावंही येऊन गेली.

इथे मुख्यतः जपानचं धरून लिहिलंय, कारण अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळवण्यातच कित्येक महिने जाऊ शकतात. आधीच व्हिसा असेल तर लॉस एंजेलिसचा विचार जरूर करा. बाकीच्यांनी मे महिना पकडावा.

दोन गोष्टी पक्क्या धरा. कॉन्सर्टचं तिकीट नक्की होईपर्यंत परत न मिळणारा एकही रुपया खर्च करायचा नाही. आणि मुंबईत विमानाच्या आदल्या दिवशी पोचायचं, त्याच दिवशी नाही. कोकणातून जाणाऱ्यांचे बेत फसतात ते बहुतेक याच दोन ठिकाणी.

नाव, कार्ड, नेटवर्क

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. अठराच्या आतल्या मुलांसाठी आई-वडील दोघांच्या संमतीचं घोषणापत्र लागतं. वडील बोटीवर किंवा आखातात नोकरीला असतील तर ते कागद आधीच मागवून ठेवा. आपल्याकडे खरा घोळ नावाचा. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून येतं, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर आणखी तिसरंच. तिकिटाच्या फॉर्मवर पासपोर्टवरचंच नाव त्याच स्पेलिंगने भरा. जपानी कॉन्सर्टची तिकिटं पुष्कळदा नावावर असतात आणि दारात ओळखपत्र तपासतात. नाव जुळलं नाही तर बाहेर, आणि तिथे वाद घालून काही होत नाही.

जपानात तिकिटं बऱ्याचदा सोडतीने देतात: अर्ज करायचा, निकालाची वाट पाहायची, लागलं तर पैसे भरायचे. स्थानिक विक्रीला जपानी मोबाइल नंबर मागतात, म्हणून परदेशी प्रेक्षकांसाठी वेगळी विक्री कधी उघडते यावर केकॉनच्या अधिकृत खात्यांवरून नजर ठेवा. दलालाकडून तिकीट घेऊ नका. नावावरचं तिकीट दुसऱ्याच्या हातात म्हणजे नुसता कागद.

वेळेचं गणित सोपं आहे. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे तिथली सकाळी दहाची विक्री आपल्याकडे साडेसहाला. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, म्हणजे तिथले सकाळचे दहा आपले रात्रीचे साडेदहा. त्या वेळी वाडीतल्या एका टॉवरच्या भरवशावर बसू नका. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळला फायबर असलेल्या कोणाच्या तरी घरी जा, लॅपटॉप चार्ज करून ठेवा आणि लाइट गेली तर म्हणून मोबाइल डेटाही चालू असू द्या. पान अडकलं तरी रिफ्रेश करू नका, रांगेतला नंबर जातो.

नव्या डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या ॲपमधून ते चालू करून मर्यादाही वाढवा, आणि हे विक्रीच्या आदल्या आठवड्यात करा, त्या क्षणी नव्हे. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं हाताशी असलेली बरी.

आणि दिवस नीट बघा. प्रत्येक गट शुक्रवार ते रविवार तिन्ही दिवस नसतो, बहुधा एकाच दिवशी असतो. नावं टप्प्याटप्प्याने जाहीर होतात. आवडत्या गटाचा दिवस कळायच्या आधी उत्साहात शुक्रवारचं तिकीट घ्यायचं आणि गट निघायचा रविवारी, हे नेहमीचं रडगाणं. एखादा गट ऐनवेळी गळला तर त्यापायी पैसे परत मिळतील अशी आशा धरू नका. एकाच गटासाठी एवढा प्रवास करायचा असेल तर त्या गटाची स्वतःची टूर गाठावी, केकॉन नको.

व्हिसा आणि राहणं

जपानच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून करायचा. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, दिवसवार कार्यक्रम, विमान-हॉटेलची आरक्षणं हे मुख्य कागद. घरचं उत्पन्न आंबा-काजूच्या बागेचं असेल तर शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे विवरणपत्र नसण्याची शक्यता असते. तसं स्पष्ट लिहिलेलं पत्र, सातबारा आणि खर्च करणाऱ्या पालकाचं स्टेटमेंट जोडा. खात्यात आदल्या दिवशी अचानक मोठी रक्कम भरू नका, ती लगेच डोळ्यात येते. निकालासाठी महिनाभर हाताशी ठेवा.

हॉटेल मोफत रद्द करता येईल असंच घ्या, आणि तारखा जाहीर झाल्याबरोबर घ्या. जपानचं केकॉन जिथे भरत आलंय ते टोकियोशेजारच्या चिबामधलं माकुहारी मेस्से हे प्रदर्शन केंद्र जेआर रेल्वेच्या केयो लाइनवरच्या काइहिन-माकुहारी स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथली हॉटेलं आधी भरतात. त्याच लाइनवर अलीकडे-पलीकडे राहिलात तरी चालतं. टोकियो स्टेशनवरून येणार असाल तर एक लक्षात ठेवा: केयो लाइनचे फलाट बाकी फलाटांपासून बरेच लांब, खोल जमिनीखाली आहेत. बोगद्यांतून नुसतं चालायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. पहिल्या दिवशी उशीर होतो तो इथेच.

घर ते विमानतळ

मे महिन्यात कोकण रेल्वेचा हिशेब उलटा असतो. चाकरमानी सुट्टीला खाली येत असतात, त्यामुळे केकॉनसाठी वर जाताना तिकीट मिळून जातं. परतीला, मुंबईहून खाली येताना, वेटिंग लिस्ट शंभराच्या पुढे दिसेल. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. परतीचं त्याच सकाळी काढा, जाण्याचं नंतर काढलंत तरी चालेल. कोकणकन्या किंवा तुतारीने रात्रभर प्रवास करून पहाटे-सकाळी मुंबई गाठायची, ठाणे किंवा दादरला उतरायचं, दिवसभर नातेवाइकांकडे झोपायचं आणि विमान त्याच्या पुढच्या तारखेचं. सिंधुदुर्गवाल्यांना गोव्याचं मोपा विमानतळ जवळ पडतं, पण मोपा ते मुंबई किंवा दिल्ली आणि पुढचं विमान एकाच पीएनआरवर असेल तरच. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी थांबत नाही.

लॉस एंजेलिसला जाणाऱ्यांची गाठ पावसाळी वेळापत्रकाशी. गाड्या हळू धावतात आणि दरड आली तर धावतच नाहीत: जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळून मार्ग बंद पडला होता. तेव्हा त्यांनी एक नव्हे, दोन दिवस जास्तीचे धरावेत.

बॅगेत काय

लाइटस्टिक, म्हणजे कॉन्सर्टमध्ये चाहते हलवतात ती गटाची दिव्याची कांडी, तिचे सेल वेगळे काढून. पुष्कळ लाइटस्टिकना एएएचे तीन सेल लागतात, सहा घ्या. आत सेल ठेवून बॅगेत टाकलीत तर बटण दाबलं जाऊन कॉन्सर्टआधीच ती मान टाकते. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये कधीच नाही. २०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे सुमारे ७४ वॉट-अवर, १०० च्या मर्यादेत बसते. मात्र आकडा वर छापलेला असायला हवा, पुसट झाला असेल तर विमानतळावर काढून घेतात. जपानात दोन चपट्या पिनांचा प्लग आणि १०० व्होल्ट. आपले मोबाइल चार्जर त्यावर चालतात, फक्त ॲडॅप्टर लागतो.

मे महिना म्हणून कोणीतरी हापूसची पेटी गळ्यात मारेल. नेऊ नका. ताजी फळं जपानात अशी हातातून नेता येत नाहीत, विमानतळावरच जप्त होतात. भाजलेले काजूगर न्या, भूक मारतात. खाण्याचं म्हणाल तर मासे खाणाऱ्यांची तिथे चंगळ आहे. शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहावं, साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचं पाणी असतं.

फ्रीबी आणि फोटोकार्डं

कन्व्हेन्शनमधली सगळ्यात गोड गोष्ट स्टेजवर नसते, मजल्यावर असते. चाहते स्वतः केलेल्या छोट्या वस्तू एकमेकांना फुकट वाटतात, आणि हातात काही असलं की भाषेविना ओळखी होतात. पन्नास पुरतात. फोटोकार्ड म्हणजे कलाकाराचा फोटो छापलेलं खिशात मावणारं कार्ड, त्याचा नेहमीचा आकार ५५ बाय ८५ मिलिमीटर. ए-फोरचा कागद आडवा धरला की एका पानावर दहा बसतात, म्हणजे ३०० जीएसएमच्या जाड कागदाची पाच पानं. कुठल्याही तालुक्याच्या डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडे होतं. आणखी खुलवायचं असेल तर सावंतवाडीच्या गंजिफ्याच्या धर्तीवर गोल कार्डं करा, भोवती फुलापानांची किनार आणि मध्ये तुमच्या गटाचं चिन्ह. ५५ मिलिमीटर व्यासाची एका पानावर पंधरा येतात. असली वस्तू तिथे दुसऱ्या कोणाकडे नसणार. मात्र विकायची नाही. विकलीत की गटाच्या फोटो-चिन्हाच्या हक्कांचा प्रश्न येतो.

अदलाबदलीसाठी सगळा संग्रह नेऊ नका, दुबार असलेली तीस-चाळीस कार्डंच न्या. प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या पातळ पाकिटात, म्हणजे स्लीव्हमध्ये, आणि स्लीव्ह बाइंडरमध्ये. हवी असलेली कार्डं फोनवर चित्ररूपात काढून ठेवा, नुसतं दाखवलं की काम होतं. कार्ड घेताना ते तिरकं धरून उजेडात बघा: ओरखडे, कोपऱ्यांची गोलाई, मागच्या छपाईचा रंग. नकली कार्ड बहुधा किंचित पातळ आणि अक्षरं फुटलेली. दोघांनी एकाच वेळी हातात द्यायचं-घ्यायचं, ‘नंतर आणून देते’ नाही.

प्रत्यक्ष दिवस

सगळं बघायला जाल तर काहीच बघून होणार नाही. रोज दोनच गोष्टी ठरवा. अधिकृत वस्तू घ्यायच्या असतील तर सकाळी आधी ती रांग, कारण चांगल्या वस्तू दुपारपर्यंत संपतात. भेटीचे कार्यक्रम वेगळ्या सोडतीने असतात. नुसतं कन्व्हेन्शनचं तिकीट दाखवून आत सोडत नाहीत. दुपारी तीननंतर दीड तास सक्तीने बसा आणि खा. हॉलची जमीन काँक्रीटची असते, सकाळी दहापासून तिच्यावर उभं राहिलं की रात्री आठला पोटऱ्या बोलतात. नवे बूट नकोत, जाड टाचांचे तर नकोच. पाण्यात इलेक्ट्रालची पुडी टाकून घ्या. कचऱ्याचे डबे जपानात सहसा दिसत नाहीत, म्हणून एक रिकामी पिशवी खिशात ठेवा.

ई-तिकिटाचा स्क्रीनशॉट पुष्कळ ठिकाणी चालत नाही, ॲप उघडून दाखवावं लागतं. हजारो लोक एकाच टॉवरवर असताना ॲप उघडत नाही, म्हणून रांगेत शिरण्याआधीच उघडून ठेवा. फोन चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

हॉलमधल्या कॉन्सर्टला जमीन सपाट असते, मागच्या ब्लॉकमधून स्टेजपेक्षा स्क्रीनच दिसतो. उंची कमी असेल तर मधल्या वाटेच्या कडेची जागा पुढच्या ओळीच्या मधल्या जागेपेक्षा बरी. २०२४ मध्ये मोठी कॉन्सर्ट शेजारच्या झोझो मरीन स्टेडियममध्ये होती, ते उघडं आणि समुद्राकाठी. तसं असेल तर छत्री नको, अंगावर घालायचा रेनकोट हवा. लाइटस्टिक आणि स्लोगन (गटासाठी मजकूर लिहिलेली पट्टी) छातीच्या उंचीला धरा. डोक्यावर धरलंत की मागच्याची संध्याकाळ गेली. चित्रीकरणाला जपानी कॉन्सर्टमध्ये बहुधा बंदी असते, सुरुवातीची घोषणा ऐका.

फॅनचँट, म्हणजे गाणं चालू असताना चाहत्यांनी एका सुरात म्हणायचे शब्द, पाठ करून जा. भजनात बुवा चाल सोडतो तिथे कोरस उचलतो, तसंच हे: गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर सदस्यांची पूर्ण नावं, पुढे ओळींच्या शेवटचे शब्द. नवं गाणं आलं की अधिकृत चँट जाहीर होतं, आठवडाभर रोज पाच-सहा वेळा म्हटलं की बसतं. चुकीच्या जागी ओरडण्यापेक्षा गप्प राहिलेलं चांगलं. स्पीकरजवळ जागा असेल तर कानात इअरप्लग घाला, चँट त्यातूनही ऐकू येतं.

नवे गट आधी, मोठे शेवटी, असा क्रम साधारण असतो. शेवटचा गट चालू असतानाच शेवटची ट्रेन किती वाजता ते आठवा. संपल्यावर सगळे एकदम स्टेशनकडे निघतात आणि फलाटावर शिरायलाच अर्धा तास लागू शकतो. परतीसाठी ट्रेनच्या कार्डातलं बॅलन्स सकाळीच भरून ठेवा.

घरी आल्यावर एक काम लगेच करायचं. जूनमध्ये पाऊस लागला की आपल्या खाऱ्या दमट हवेत लाइटस्टिकच्या आतल्या स्प्रिंगा हिरव्या पडतात. सेल काढा, कोरड्या फडक्याने पुसा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. फोटोकार्डंही त्याच डब्यात, पण पीव्हीसीच्या स्लीव्हमध्ये नकोत, पावसाळ्यात ती कार्डाला चिकटतात आणि सोडवताना छपाई निघून येते. पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्ह घ्या आणि पुड्या गणपतीच्या सुमारास बदला.