दसऱ्यानंतर सांभार टाकताना

पाऊस गेला, जमिनीला वाफसा आला की नागपूरच्या आसपास जो तो सांभार टाकतो. (पुण्याकडच्यांसाठी: सांभार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे.) सगळे एकाच आठवड्यात टाकतात, मग सगळ्यांच्या जुड्या एकाच आठवड्यात कळमन्याच्या बाजारात पोहोचतात आणि काढणीची मजुरीही निघत नाही. म्हणून सगळी जागा एकदम पेरू नका. चार भाग करा आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून दर 12-15 दिवसांनी एकेक भाग पेरा. गच्चीवर चारच कुंड्या असल्या तरी हिशेब हाच.

धना अख्खा पेरू नये. एका धन्यात दोन बिया असतात. गोणपाटावर पसरून चपलेने हलकेच रगडला की डाळ्या वेगळ्या होतात. जोर लावाल तर बीच फुटेल. मग 12 तास भिजवा, सावलीत सुकवा आणि किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा. किराण्यातला धना स्वस्त पडतो, पण तो कधीचा कोण जाणे. आधी मूठभर ओल्या फडक्यात बांधून बघा. दहा-बारा दिवसांत मोड दिसले नाहीत तर तो मसाल्याच्या डब्यातच बरा.

आपल्या काळ्या मातीत सपाट वाफा केला की पाणी साचतं आणि रोपं पिवळी पडतात. गादीवाफाच, म्हणजे उंच वाफाच करा. ओळींत 15 ते 20 सेंटिमीटर अंतर, बी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल. पाणी थोडं पण वेळेवर द्या. 35 ते 45 दिवसांत, फुलाचा दांडा वर येण्याआधी काढणी उरका. दांडा आला की पानाची चव गेली. जानेवारीत आभाळ आलं की मावा (रस शोषणारी बारीक कीड) आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसते. मावा दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. तयार झालेल्या वाफ्यावर मात्र काहीच मारू नका, सरळ काढून घ्या. लोक हा पाला कच्चाच खातात.

पुदिन्याला बी नको, बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या लावल्या तरी फुटतात. त्याला वेगळी कुंडी द्या, नाहीतर शेजारच्या वाफ्यात शिरतो.

गोडलिंबाचं (म्हणजे कढीपत्त्याचं) मात्र नीट ऐका, विशेषतः काटोल-नरखेडकडच्या संत्रावाल्यांनी. तो संत्र्याच्याच कुळातला. संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड त्याच्या कोवळ्या फुटीवर सुखाने वाढते. बागेच्या धुऱ्यावर (बांधावर) हौसेने गोडलिंबाची रांग लावली की फवारणीनंतरही किडीला घर शिल्लक राहतं. लावायचा तर अंगणात लावा, बागेपासून लांब, आणि नव्या फुटीवर नजर ठेवा. थंडीत त्याची पानं पिवळी होऊन गळतात, त्याला घाबरून पाणी-खत ओतू नका. छाटणी फेब्रुवारीत.

घरच्या सांभाराची पहिली जुडी अर्थातच सांभारवडीला, म्हणजे पुडाच्या वडीला जाते. पाला निवडून धुवा आणि सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडा होऊ द्या, पंख्याखाली तासभर तरी. ओला पाला खोबरं-खसखशीत कालवला की सारणाला पाणी सुटतं आणि पुडाची वडी कढईत उकलते. उरलेला सांभार न धुता, मुळांसकट कागदात गुंडाळून ठेवा. धुऊन ठेवलेला तिसऱ्या दिवशी काळा पडतो.