सोपा म्हणून निवडलेला हिमालयातला ट्रेक अवघड का होतो? घान्द्रुक–पून हिलला जाताना या चुका टाळा

पहिल्यांदा गेलो तेव्हा नेपाळमधल्या पून हिलवर पहाटे दीड तास उभं राहून आम्ही नुसतं धुकं पाहिलं. परतीचं तिकीट ठरलेलं होतं, म्हणून आठ वाजता बॅगा उचलून चालायला लागलो. दुपारी चहाला थांबलो असताना मागून आलेल्या एका गाईडने मोबाईल पुढे केला. आम्ही उतरल्यानंतर पाऊण तासात पडदा सरकला होता आणि धौलागिरी पायथ्यापासून शिखरापर्यंत उघडा पडला होता. आमच्यातल्या एका काकांनी तो फोटो खूप वेळ हातात धरून ठेवला. हिमालय पाहायला ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा आले होते.

त्यानंतर दोनदा पुन्हा जाऊन आलो. आता सोलापुरातून कुणी विचारलं, "तो नेपाळचा ट्रेक सोपा आहे ना?" तर माझं उत्तर ठरलेलं असतं: सोपा आहे, दिवस दिलेत तर.

वाट पोखरा शहराजवळ सुरू होते. नयापूल, तिखेढुंगा, उल्लेरी, घोरेपानी, ताडापानी, घान्द्रुक अशी गावं जोडत जाते. तंबू लागत नाही, स्वयंपाकाचं सामान लागत नाही. दर दोन-तीन तासांवर लॉज आहे, गरम जेवण आहे, रात्री अंगावर रजई आहे. सगळ्यात उंच जागा पून हिल, ३,२१० मीटर. मुक्काम त्याच्याही खाली, २,८६० मीटरवरच्या घोरेपानीत. समोर ८,१६७ मीटरचा धौलागिरी, दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरच्या अन्नपूर्णेची रांग, आणि दोन्हींच्या मधून काली गंडकीची दरी. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच नदीतून येतो. हे कळल्यावर आमच्याबरोबरच्या मावशींनी त्या दरीकडे बघून हात जोडले होते.

रजेचं गणित

सगळ्यात मोठी चूक इथेच होते, ट्रेक सुरू होण्याच्या आधी. नऊ दिवसांची रजा मिळते आणि "पाच दिवसांचा ट्रेक आहे, बसतो की" असं म्हणून माणूस तिकिटं काढतो. प्रवास कुणी मोजत नाही. सोलापूर ते पुणे, पुण्याहून गोरखपूरची गाडी साधारण दीड दिवस, तिथून सुनौली सीमेपर्यंत बसने तीन तास, आणि सीमा ओलांडल्यावर पोखऱ्यापर्यंत वळणावळणाचा आठ-नऊ तासांचा रस्ता. जायला तीन दिवस, यायला तीन. पोखऱ्यात परमिट आणि आंघोळ-झोपेसाठी एक. ट्रेकचे सात. आणि एक दिवस हाताशी मोकळा. हे पंधरा होतात. विमानाने काठमांडू गाठलं तर तीन-चार दिवस वाचतात, पण मोकळा दिवस तरीही सोडायचा नाही.

ट्रेकचे सात का, तर दुसऱ्या दिवसासाठी. बरेच आयोजक तिखेढुंगा ते घोरेपानी एका दिवसात चढवतात. म्हणजे १,५४० मीटरवरून थेट २,८६०. तेराशे मीटरचा चढ, तोही नवख्या पायांनी. संध्याकाळी घोरेपानीत पोचलेला माणूस जेवत नाही, झोपत नाही, आणि पहाटे साडेचारला त्याला पून हिलसाठी उठवतात. हा दिवस तोडा. उल्लेरीच्या पुढे बानठांटीला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आरामात घोरेपानीत पोचा. (बानठांटी नावाच्या दोन वस्त्या या वाटेवर आहेत, एक घोरेपानीच्या अलीकडे आणि एक पलीकडे ताडापानीच्या वाटेवर. खोली सांगून ठेवताना कुठली ते नीट विचारा.)

घोरेपानीत दोन रात्री राहा. डोंगर सकाळी दिसतात, दहा-अकरानंतर ढग चढतात. दोन रात्री म्हणजे दोन पहाटा. एक हुकली तरी दुसरी असते. त्या काकांना मी पुन्हा घेऊन गेलो तेव्हा दुसऱ्या पहाटेला सगळं दिसलं.

चालता येतं म्हणजे चढता येतं असं नाही

आपल्याकडची जमीन सपाट. सिद्धेश्वर तलावाभोवती रोज पाच फेऱ्या मारणारा माणूस हिमालयात अडतो, आणि त्याला कारण कळत नाही. तिखेढुंगा ते उल्लेरी अंतर फारसं नाही, पण तीन हजारांहून जास्त दगडी पायऱ्या आहेत. पुण्याची पर्वती १०३ पायऱ्यांची. ती तीस वेळा चढायची, असं समजा.

वारी केलेल्या मावशींचं मात्र मला कौतुक वाटतं. आळंदी-पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालून आलेल्या त्या बाई सगळ्यात सावकाश चालल्या आणि एकदाही बसल्या नाहीत. पन्नास पायऱ्या, उभ्या उभ्या दहा श्वास, पुन्हा पन्नास. बाकीचे धावत चढायचे आणि धापा टाकत पसरायचे. चढताना शेजारच्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवा. बोलणं तुटलं की पाय आपोआप हळू करा.

तयारीसाठी सोलापुरात डोंगर नाही ही तक्रार मी ऐकतो. जिना आहे. पाच मजल्यांची कुठलीही इमारत घ्या, पाठीवर सहा किलोची सॅक, आठवड्यातून चार दिवस. पहिल्या आठवड्यात पाच फेऱ्या, दोन महिन्यांनी वीस-पंचवीस. लिफ्टने खाली येऊ नका, उतरण्याचा सराव चढण्याहून महत्त्वाचा आहे. घोरेपानीहून निघाल्यावर आधी तीन हजार मीटरच्या वरची देउराली खिंड चढावी लागते, मग ताडापानी आणि पुढे घान्द्रुकपर्यंत हजारभर मीटरचा उतार. गुडघे तिथे जातात. रविवारी तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाच्या चढावर चालून आलात तर उत्तमच.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ नका. आपल्याकडच्या मे महिन्यात थंडीकडे पळावंसं वाटतं हे खरं, पण तेव्हा तिथली हवा धुरकट असते आणि दुपारी पाऊस येतो. जून ते सप्टेंबर पावसाळा, वाटेवर जळवा. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर अखेर आकाश सगळ्यात स्वच्छ. मार्च-एप्रिलमध्ये लालीगुरांस (लाल फुलांचं ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो, घोरेपानीच्या जंगलात लाल छत धरल्यासारखं होतं, पण डोंगर थोडे पुसट. दसऱ्याच्या सुमारास नेपाळात दशैं असतो, सगळा देश गावाकडे निघालेला असतो, तेव्हा बसची जागा आधी पक्की करा.

सॅकमध्ये सोलापूर भरू नका

आपल्या चादरीवर माझा जीव आहे, तरी ती घरी ठेवा. सुती आहे, जड आहे, भिजली की दोन दिवस वाळत नाही. जीन्स आणि सुती बनियनचंही तेच. घामाने ओला झालेला सुती कपडा संध्याकाळी अंगावर गार पडतो. नोव्हेंबरात घोरेपानीची रात्र शून्याच्या आसपास जाते. लवकर वाळणारे दोन टी-शर्ट, एक फ्लीस, एक हलकं पिसांचं जाकीट, वारा-पाऊस अडवणारा एक थर, कानटोपी, हातमोजे, तीन जोड लोकरी मोजे. पांघरूण लॉजवाले देतात. पांघरुणाच्या आत शिरून झोपायला पातळ खोळ नेलीत की झालं. सॅक सात किलोच्या वर जाऊ नये.

शेंगाचटणी मात्र न्या, पाव किलो. दाल-भाताबरोबर ती सोन्यासारखी लागते. कडक भाकरी गाडीच्या प्रवासात संपवा. पहिल्या खेपेला आम्ही चार किलो लाडू-चिवडा वर नेला आणि तो सगळा एका पोऱ्याच्या पाठीवर होता. मला अजून त्याचं वाईट वाटतं. पोर्टर जरूर ठेवा, त्याने गावातल्या घराला पैसा मिळतो, पण त्याच्या पायात बूट आणि अंगात गरम कपडे आहेत ना ते निघण्याआधी बघा, आणि दोघांचं मिळून पंधरा किलोवर ओझं देऊ नका.

लॉजची खोली स्वस्त असते, कारण त्यांचा खरा धंदा जेवणाचा. जिथे झोपता तिथेच जेवा. आठ जणांनी आठ वेगळे पदार्थ सांगितले तर चुलीवर दोन तास लागतात. सगळ्यांनी दाल-भात सांगा. भात, डाळ, भाजी पुन्हा वाढतात, शाकाहारी माणसाला काही अडचण नाही. मालकिणीला "दिदी" म्हणा, मालकाला "दाइ". या भागातले कितीतरी गुरुंग आणि मगर पुरुष भारतीय सैन्याच्या गोरखा पलटणींत नोकरी करून आलेत. शेकोटीपाशी बसलात तर हिंदीत गप्पा रंगतात.

कागद, पैसे, घड्याळ

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाणाऱ्या प्रौढाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर भरवसा ठेवून विमानतळावर अडलेली माणसं मी पाहिली आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांचे पासपोर्ट काढून घ्या. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट पोखऱ्यात मिळतं, सार्क देशांच्या नागरिकांना ते १,००० नेपाळी रुपयांत आहे, इतर परदेशी लोकांना ३,००० पडतं. म्हणून आपण भारतीय असल्याचं आधी सांगा आणि दोन फोटो जवळ ठेवा.

१०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. भाव विचारताना "आयसी की एनसी?" असं विचारा, म्हणजे भारतीय की नेपाळी. न विचारल्यामुळे पहिल्या दिवशी टॅक्सीला आम्ही दीडपटीहून जास्त दिले. वाटेवर एटीएमची आशा धरू नका, रोकड पोखऱ्यातूनच घ्या.

नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे. मोबाईल स्वतःहून बदलतो, मनगटावरचं बदलत नाही. सकाळची बस त्या पंधरा मिनिटांत सुटते.

वाटेत काही बिघडलं तर

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय: २,५०० मीटरच्या वर असाल तर आधी उंचीचाच संशय घ्या. सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटरवर आहे, शरीराला सवय नाही. त्या दिवशी वर जायचं नाही, पाणी प्यायचं, विश्रांती घ्यायची. वाढत गेलं, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी माणसाला सोबत घेऊन खाली उतरायचं. इथे लाज धरू नका. आजारी माणूस स्वतःहून "मी बरा आहे" म्हणतो, त्याचं ऐकू नका, त्याला सरळ रेषेत चालून दाखवायला सांगा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी घरून डॉक्टरांना विचारूनच न्यावी, विशेषतः ज्यांना सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे त्यांनी. दारू वर पिऊ नये.

टाचेला चटका बसल्यासारखं वाटलं की तिथल्या तिथे थांबा, बूट काढा, चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर पुढचे तीन दिवस जातात. बूट नवे नसावेत, निघण्याआधी दीड महिना नवी पेठेत बाजारालाही तेच घालून जा. अर्धा नंबर मोठे घ्या आणि नखं कापा, नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं.

उतारावर गुडघा कुरकुरायला लागला तर दोन काठ्या घ्या, पावलं आखूड टाका, उंच पायरीवर एका बाजूला वळून उतरा. गुडघ्याला पट्टा बांधून वेग वाढवणं हा उपाय नव्हे.

पोट बिघडलं तर बहुतेक वेळा पाण्याने. नळाचं, झऱ्याचं पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून प्या. ओआरएसची दहा पाकिटं न्या.

खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला सरकून उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. त्यांच्या पाठीवरचं सिलिंडरचं ओझं धक्का देतं.

ज्यांना पायऱ्या झेपणार नाहीत

गुडघ्याचं दुखणं जुनं असेल, आई-वडील बरोबर असतील, किंवा आठच दिवस मिळत असतील, तर पून हिल सोडून द्या. पोखऱ्याहून गाडी किमचेपर्यंत जाते, तिथून घान्द्रुक थोड्या चढावर आहे. तीन रात्री तिथेच राहा. गाव जवळपास २,००० मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचा त्रास सहसा होत नाही. अंगणात खुर्ची टाकून बसलं की अन्नपूर्णा दक्षिण, हिउंचुली आणि माछापुच्छ्रे समोर. माछापुच्छ्रेवर चढाईला बंदी आहे. १९५७ साली गेलेली मोहीमही माथ्याच्या थोडं अलीकडूनच परतली. गावातल्या लोकांची त्या शिखरावर श्रद्धा आहे, आणि पहाटे त्याच्या दुहेरी टोकावर पहिलं ऊन येतं तेव्हा दगडी अंगणं झाडणाऱ्या बायका क्षणभर थांबतात. मला पून हिलहून हे जास्त आवडतं.

नेपाळ नको असेल तर कुमाऊँमधलं बिनसर बघा. अल्मोड्याजवळ, साधारण २,४०० मीटरवर, खेड्याखेड्यांतून चालत. समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी आणि शेजारी त्रिशूळ. तिथे मतदार कार्डाचाही प्रश्न नाही.

येत्या दिवाळीनंतर जायचं असेल तर जिना ऑगस्टमध्ये सुरू करा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गोरखपूरच्या गाड्या दिवाळी-छठच्या गर्दीत पहिल्याच सकाळी भरतात, तेव्हा त्या दिवशी आठला मोबाईल हातात घेऊन बसा. आणि परतीची तारीख टाकताना एक दिवस पुढची टाका.