कच्च्या रस्त्याच्या सायकल सफरीसाठी स्टेम: या चुका टाळा

हिमाचलमधल्या कुंझुम खिंडीतून बातलकडे उतरताना माझ्या सायकलचं हँडल फिरलं. डावी-उजवीकडे नाही, खाली. दोन्ही हात ब्रेकच्या हुडांवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर), पुढच्या बॅगेत जवळपास तीन किलो सामान, आणि एका धोंड्यावर चाक आपटलं तसं अख्खं हँडल स्टेमच्या, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याच्या, पकडीतून खाली सरकलं. वेग कमी होता म्हणून पडलो नाही. बातलला पोचल्यावर बॅग सोडून पाहिलं, तर फेसप्लेटची (हँडलवर पुढून बोल्टांनी बसणाऱ्या झाकणाची) वरची फट पूर्ण बंद आणि खालची चांगली तीन मिमी उघडी. शिमल्यात खोक्यातून सायकल काढून जोडताना मीच वरचे दोन बोल्ट आधी गच्च आवळले होते. काझ्यापासून पुढून करकर येत होती. हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमध्ये) धूळ गेली असेल असं समजून मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

स्टेम चांगल्या प्रतीचा होता. आजही तोच स्टेम वापरतो. म्हणून कुणी "कुठला स्टेम घेऊ?" असं विचारलं की मी आधी मापं विचारतो आणि तो कोण कसणार आहे ते विचारतो. ब्रँडचं नंतर बघू.

"जवळपास बसतंय" म्हणून घेतलेलं माप

स्टेम दोन ठिकाणी पकडतो: मागे फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) नळी, म्हणजे स्टीअरर, आणि पुढे हँडल. आजच्या बहुतेक एमटीबी (माउंटन बाइक), हायब्रिड आणि ग्रॅव्हल सायकलींचा स्टीअरर वरच्या टोकाला २८.६ मिमी असतो. हँडलचा मधला भाग २५.४, ३१.८ किंवा ३५ मिमी. घोळ होतो तो जुन्या रोड सायकलींच्या २६ मिमी मापाशी. २५.४ चं हँडल २६ च्या स्टेममध्ये सहज बसतं, बोल्टही आवळले जातात, आणि गल्लीतल्या फेरीत काहीच कळत नाही. खडीवर मात्र ते फिरणारच. ओळखायची खूण अशी: बोल्ट कसता कसता फेसप्लेट वर आणि खाली दोन्हीकडे स्टेमला टेकली आणि तरी हँडल हलतंय, तर माप चुकलंय. आणखी आवळून उपयोग नाही.

व्हर्नियर कॅलिपरने हँडल मोजा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. ३१.८ च्या स्टेममध्ये २५.४ चं हँडल बसवायला तयार शिम (मधला फरक भरणारी गोल पट्टी) मिळते, ती चालते. पत्र्याचा डबा कापून केलेली पट्टी चालत नाही. तिच्यामुळे दाब एका जागी येतो आणि हँडलवर चरा पडतो. पुढे तडा जातो तो त्या चऱ्यापासूनच.

ॲडजस्टेबल स्टेमवर सामान

शहरी हायब्रिडवर कोन बदलता येणारा स्टेम बऱ्याचदा आधीपासूनच लावलेला असतो. पाठीला आराम मिळतो हे खरं. पण त्यात एक सांधा जास्त, आणि कोकणातल्या सड्यावर जांभ्याच्या रस्त्याने दिवसभर गचके बसले की तो सांधाच आधी ढिला होतो. सफरीला निघण्याआधी हवा तो कोन ठरवा आणि त्या कोनाचा एकसंध स्टेम लावा. साधा स्टेम उलटवूनही बराच फरक पडतो: १०० मिमी लांबीचा, ६ अंशांचा स्टेम खाली झुकलेला असेल तर उलटा लावल्यावर हँडल सुमारे २ सेंमी वर येतं. त्याहून जास्त हवं असेल तर वर उचललेलं रायझर हँडल बघा.

फेसप्लेटला चार बोल्ट असलेला स्टेम घ्या, विशेषतः खाली वळलेलं ड्रॉप हँडल असेल तर. हुड पकडीच्या बरेच पुढे असतात, त्यामुळे त्यांच्यावर टाकलेलं वजन हँडलला सतत खाली पिळत असतं. सपाट हँडलला हा त्रास कमी. काही ग्रॅम वाचवणाऱ्या अतिहलक्या रोड स्टेमचा मोह कच्च्या रस्त्यासाठी मला अजिबात पटत नाही. पुढची बॅगच त्याच्या कित्येक पट जड असते.

कसणं: इथे सर्वात जास्त चुकतं

पहिली चूक, "हाताला घट्ट लागेपर्यंत". एखाद्याचा हात हलका, एखाद्याचा पैलवानी. बहुतेक स्टेमवर बोल्टजवळच ४, ५ किंवा ६ एनएम (न्यूटन मीटर, म्हणजे पिळाचं माप) असा आकडा कोरलेला असतो. तो पाळायला पिळ मोजून कसणारा टॉर्क रेंच हवा. ५ एनएमची छोटी ठरावीक चावीही मिळते. काहीच नसेल तर सामान तोलायचा काटा वापरा: ॲलन कीच्या दांड्याला बोल्टपासून १० सेंमीवर काटा अडकवून काटकोनात ५ किलोपर्यंत ओढलं की जवळजवळ ५ एनएम होतात. दांडा ७ सेंमीचा असेल तर ७ किलो.

दुसरी चूक माझीच. चारही बोल्ट आधी हाताने लावा, मग तिरके, एकाआड एक, प्रत्येकी पाव फेरी. वरची आणि खालची फट सारखी दिसली पाहिजे. अपवाद एकच: काही स्टेममध्ये वरची बाजू आधी पूर्ण मिटवायची रचनाच असते, तसं फेसप्लेटवर लिहिलेलं असतं. ते वाचा.

तिसरी, ग्रीस चुकीच्या जागी. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस हवंच, नाहीतर पावसाळ्यानंतर ते गंजून बसतात. हँडल धरण्याची जागा मात्र स्पिरिटने पुसून कोरडी ठेवा. कार्बनचा भाग असेल तर कार्बन पेस्ट लावा. बारीक रवाळपणामुळे कमी टॉर्कवरही पकड येते. सरकणाऱ्या ॲल्युमिनियम हँडललाही ती उपयोगी पडते.

टॉप कॅप आवळून स्टेम घट्ट होत नाही

हा गैरसमज जुन्या सायकलस्वारांमध्येही दिसतो. वरच्या झाकणाचा बोल्ट फक्त हेडसेटमधला ढिलेपणा काढतो. स्टेम धरतात ते बाजूचे दोन बोल्ट. पुढून टकटक येत असेल तर आधी बाजूचे बोल्ट सैल करा, मग टॉप कॅप थोडी थोडी आवळा, हँडल चाकाशी सरळ करा आणि शेवटी बाजूचे बोल्ट आळीपाळीने कसा. बाजूचे बोल्ट घट्ट असतानाच टॉप कॅप पिळत राहिलात तर स्टीअररच्या आत ठोकलेला स्टार नट (टॉप कॅपचा बोल्ट ज्यात बसतो तो) वर सरकतो आणि टकटक तशीच राहते.

स्टीअररचं टोक स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या (स्टीअररवर घातलेल्या कड्याच्या) काठापेक्षा सुमारे ३ मिमी खाली हवं. टोक काठाबरोबर असेल तर झाकण त्यावर टेकतं आणि दाब येतच नाही. फार खाली असेल तर वरच्या बोल्टला धरायला नळीच उरत नाही. कार्बन स्टीअररमध्ये स्टार नट ठोकू नका, त्यासाठी फुलणारा प्लग असतो.

जुन्या लोखंडी सायकलीवर सफर करणाऱ्यांकडे नळीच्या आत जाणारा क्विल स्टेम असतो. त्यावरची किमान खोलीची खूण दिसेल इतका तो वर ओढू नका, आणि वर्षातून एकदा बाहेर काढून ग्रीस लावा. ॲल्युमिनियमचा स्टेम आणि पोलादी नळी यांच्यामध्ये घाम-पाणी गेलं की दोन्ही एकमेकांना चिकटतात, आणि मग कधीकधी कापल्याशिवाय सुटत नाहीत.

रस्त्यात काय तपासायचं

रोज संध्याकाळी पुढची बॅग काढा. ती स्टेमला पूर्ण झाकते, त्यामुळे सगळं आपल्या नजरेआड होतं. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळा. मग हुडांवर अंगाचा भार टाका. पुढचा ब्रेक दाबून चाक आडवं वळवा, हेडसेटच्या फटीवर बोट ठेवा आणि सायकल पुढेमागे हलवा. बोटाला धक्का जाणवला तर हेडसेट ढिला आहे. हँडलच्या मध्यावर पेनने एक रेघ स्टेमपर्यंत ओढून ठेवा, सरकलं तर लगेच दिसतं.

करकर कुठून येते ते कळत नसेल तर फेसप्लेट खोला, पुसा, नीट कसा. निम्म्या वेळा ती तिथेच थांबते. बोल्टची खाच ४ मिमीच्या ॲलन कीला गोल झाली असेल तर टी-२५ टॉर्क्सचं (ताऱ्याच्या आकाराचं) टोक हलकेच ठोकून तो निघतो. आपल्या स्टेमच्या मापाचे दोन एम५ पोलादी बोल्ट जवळ असू द्या. बाजूच्या एका बोल्टचे आटे गेले आणि बदली मिळाली नाही, तर उतार चालत उतरा.

जोरात पडल्यानंतर स्टेम सरळ करून लगेच निघू नका. बोल्टच्या भोकांभोवती आणि फेसप्लेटच्या कोपऱ्यांत ओल्या कपड्याने पुसून उजेडात बघा. केसासारखी रेघ दिसली आणि ती नखाला अडकली, तर तो स्टेम तिथेच काढा. पुढच्या गावापर्यंत सायकल टेम्पोत जाईल.