माझीच प्रेस नोट मला आडवी आली

पीआर करता करता चरित्रं कशी लिहायला लागलात, असं मास कम्युनिकेशनची मुलं-मुली हल्ली विचारतात. ठरवून काही झालं नाही. पण नाटकाची प्रसिद्धी केली नसती तर पुस्तकापर्यंत पोचले नसते, आणि त्याच प्रसिद्धीच्या सवयींनी पहिलं पुस्तक जवळजवळ बुडवलं होतं.

सोलापुरात व्यावसायिक नाटक येतं ते दौऱ्यावर. मुंबई-पुण्याची संस्था प्रयोग विकते, इथला कॉन्ट्रॅक्टर तो घेतो. मग 'हुतात्मा' भरलं तरी त्याचं, रिकामं राहिलं तरी त्याचंच. (१९३१ साली फाशी गेलेल्या चौघांच्या नावाचं हे हुतात्मा स्मृती मंदिर, पूर्ण नाव गावात कुणी घेत नाही.) प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, आणि दुपारपर्यंत पुढच्या रांगा गेल्या नाहीत, की माझा फोन वाजायचा. "काय ओ मॅडम, पेपरात आलंय का नाही?"

कामाचं म्हणाल तर ते साधंच. प्रेस नोट एका पानाची, नावं अचूक, फोटोखाली ओळी. रविवारच्या पुरवणीत जागा हवी असेल तर मजकूर आठवड्याच्या मधेच पोचवायचा. तेलुगू बोलणाऱ्यांच्या पूर्व भागात तेलुगू हँडबिल वाटली तर फरक पडतो, हे मला एका रिक्षावाल्यानं शिकवलं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत जत्रेच्या होम मैदानाशी स्पर्धा करू नये, हे एक प्रयोग आपटल्यावर कळलं. पैसे मात्र निम्मे आधी घ्या. एका आयोजकानं 'प्रयोगानंतर बघू' म्हणून मला दोन वर्षं बघायला लावलं.

या कामातली खरी कमाई म्हणजे वाट बघणं. मुलाखतीला पत्रकार उशिरा येतो, कलाकार रंगपटात बसून असतो, चहा गार होतो. त्या अर्ध्या तासात माणसं जे बोलतात ते प्रेस नोटमध्ये जात नाही. मी ते वहीत टिपून ठेवायचे, तारखेसकट. नव्यानं येणाऱ्यांना एकच करायला सांगेन: ही वही ठेवा. आणि जे 'हे लिहू नकोस' म्हणून सांगितलं जातं, ते खरंच लिहू नका. इथं विश्वास गेला की पुढचं दार उघडत नाही.

अशाच एका वहीतून एका ज्येष्ठ अभिनेत्रीचं चरित्र सुरू झालं. बाई सोलापूरच्याच. २०१९ मध्ये त्यांचा सत्कार झाला, त्याची प्रेस नोट माझी. 'रंगभूमीवर ५० वर्षे' हे शब्दही माझेच. बाई म्हणाल्या होत्या, "गोल आकडा बरा दिसतो गं." मला तरी कुठं खोलात जायचं होतं?

पुस्तकाला बसले तेव्हा पदार्पणाचं साल हवं होतं. कात्रणं काढली. सगळीकडे १९६९. स्मरणिकेत, दोन मुलाखतींत, एका संकेतस्थळावर. खूश झाले. मग लक्षात आलं की सगळ्यांची वाक्यरचना ओळखीची आहे. ती माझी होती. मी पेरलेलंच मला पुरावा म्हणून परत मिळालं होतं.

बाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत पहिल्या नाटकाचं हँडबिल सापडलं. गुलाबी, घडीवर फाटलेलं. वर 'रविवार ता. १९ जानेवारी', आणि साल नाही. जुन्या हँडबिलांवर ते बहुधा नसतंच, कारण छापणाऱ्याला फक्त पुढचा रविवार दिसत असतो. १९ जानेवारीला रविवार कधी आला होता? १९६९ मध्ये, आणि त्यानंतर थेट १९७५ मध्ये. म्हणजे बाईंचं साल बसतही होतं! दोन्ही वर्षांच्या दैनिकाच्या फायली काढून बसले. १९६९ च्या जानेवारीत काही नाही. १९७५ मध्ये आतल्या पानावर तीच जाहिरात, तेच तिकीटदर. बाईंना दाखवलं तर हसल्या. "मग काय, सत्काराच्या कार्डावर चव्वेचाळीस वर्षं छापायचं होतं?"

प्रसिद्धीतून चरित्राकडे येणाऱ्याला हे जड जातं. आपला हात चकाकी देण्यावर बसलेला असतो. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. जन्म १९१०, मृत्यू चीनमध्ये १९४२. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोळ्यांपुढे येतात ते व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटातले. तो थर खरवडल्याशिवाय माणूस हाती लागत नाही.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. पत्र ज्याला आलं त्याच्याकडे असतं, पण मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो. फोटो अल्बममध्ये आहे म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं नाही. संमतीशिवाय कुणाचं खासगी आयुष्य लिहायचं असेल, तर आधी 'ऑटो शंकर' प्रकरणातला (फाशीच्या कैद्याचं आत्मचरित्र छापण्यावरून झालेला खटला) सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निकाल वाचा. सार्वजनिक नोंदीत जे आहे त्यावर लिहिता येतं; त्यापलीकडे जाल तर जोखीम तुमची. आणि मुखपृष्ठावर तुमचं नाव 'लेखक' म्हणून येणार की 'शब्दांकन' म्हणून, हे पहिल्या बैठकीतच कागदावर आणा. नंतर हा विषय काढणं फार अवघड जातं.

पुस्तकावर घर चालत नाही. प्रयोगांची कामं मी अजून घेते. पण विषयांसाठी मुंबई गाठायची गरज नाही. मोडनिंबची लावणीची कला केंद्रं तासाभरावर आहेत, आणि तिथल्या ज्येष्ठ कलावतींच्या आठवणी टिपायला कुणी बसलेलं मला दिसलं नाही.

२०२२ मध्ये पुस्तक आलं. पदार्पण १९७५, पान अकरा. प्रकाशन समारंभाची प्रेस नोट मी लिहायची नाही असं ठरवलं, ती आयोजकांच्या मुलानं लिहिली. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक अक्षरात: 'पन्नासहून अधिक वर्षे रंगभूमीची सेवा'. बाईंनी ते कात्रण फ्रेम करून घेतलंय.